खालच्या माणसाचं काम

संपादक म्हणाले, "काका, तुमच्या गाजलेल्या विजयांवर लिहा." अडचण एवढीच, की सतरा वर्षांच्या धंद्यात मी एकच कुस्ती जिंकलो, आणि नेमकी तीच मी हरायची असं ठरलेलं होतं.

हे वाचून भाईंदर पश्चिमेत काही जण हातातला चहा खाली ठेवतील. ठेवू द्या. माझं वय चौऱ्याहत्तर आहे. आता लाजायचं तरी कोणाला आणि किती दिवस? येत्या पाडव्याला आमच्या तालमीचं मंडळ ‘भाईंदरचा वाघ’ म्हणून माझा सत्कार करणार आहे. स्टेशनच्या रस्त्यावर बॅनर लागलाय. त्यावर मंडळाच्या अध्यक्षांचा फोटो सगळ्यांत मोठा, माझा तरुणपणीचा त्याहून लहान, आणि खऱ्या वाघाचा सगळ्यांत लहान. बॅनरखालून जाताना तो वाघ माझ्याकडे संशयाने बघतो. त्याचं बरोबर आहे.

आधी धंदा काय होता ते सांगतो. मातीतली कुस्ती वेगळी. ती मी पोरवयात खेळलो आणि तिच्यात मध्यम होतो. माझा धंदा फ्री स्टाइलचा. गावोगाव तंबू ठोकायचा, मधोमध दोरखंड बांधलेला आखाडा उभा करायचा, गावात भोंगा लावलेली रिक्षा फिरवायची. मग आत आम्ही आठ-दहा जण रोज संध्याकाळी एकमेकांचे मुडदे पाडायचो आणि दुसऱ्या दिवशी एकाच पातेल्यातलं मटण खायचो. कोण जिंकणार हे आमचे शेठ सकाळी दाढी करताना सांगायचे. जुने लोक याला नुराकुस्ती म्हणतात, म्हणजे ठरवून केलेली. पण सरसकट खोटी म्हणू नका. निकाल ठरलेला असायचा. फळ्या मात्र खऱ्या असायच्या.

आखाडा म्हणजे फळ्या, त्यावर काथ्याची चटई आणि वर ताडपत्री. फळ्यांखाली आम्ही तेलाचे रिकामे डबे ठेवायचो. माणूस पडला की असा आवाज व्हायचा, की पहिल्या रांगेतल्या बायका पदर तोंडात घ्यायच्या. पडायचीही रीत असते. हनुवटी छातीला चिकटवायची, पाठ सपाट टेकवायची आणि त्याच क्षणी दोन्ही तळहात ताडपत्रीवर जोरात आपटायचे. धक्का हातांवाटे निघून जातो. हे मी वर्षभर शिकलो. आज न्हाणीघरात पाय घसरला तरी मी रीतसर पडतो. सून धावत येते आणि सासरा मुद्दाम करतो असं समजून परत जाते.

रक्त लागलं तर कोकमाचं आगळ. कापसाचा बोळा त्यात भिजवून गालात ठेवायचा आणि ठोसा बसला की चावायचा. आमच्यातला एक जण आगळात साखर घालायचा, चवीला. एकदा जालन्याकडे ऐन मारामारीत त्याच्या तोंडावर माश्या बसल्या. मेलेला दिसावा म्हणून तो हलत नव्हता, आणि माश्या तर उठायला तयार नाहीत. शेवटी मेलेल्यानेच त्या मारल्या आणि सामना बरोबरीत सोडवावा लागला.

माझं काम हरायचं. प्रत्येक कंपनीत असा एक माणूस लागतो. त्याला दिसायला राक्षस आणि वागायला बैल असावं लागतं. मी बर्माचा राक्षस म्हणून हरलो, अबिसिनियाचा गेंडा म्हणून हरलो. काळा नकाब म्हणून तर इतका हरलो की नकाब विटून राखाडी झाला. तो नकाब आमच्या गल्लीतल्या ब्लाउज शिवणाऱ्या टेलरने शिवला होता. त्याने डोळ्यांची भोकं काजाएवढी ठेवली. पहिल्या सामन्यात मी पाच मिनिटं पंचालाच मारत होतो.

लोक मात्र माझा मनापासून तिरस्कार करायचे आणि मला त्याचा अभिमान आहे. बार्शीजवळच्या एका गावात एक म्हातारी रोज पहिल्या रांगेत बसून मला शिव्या द्यायची. त्यातल्या काही मी तोवर ऐकल्याही नव्हत्या. शेवटच्या दिवशी ती तंबूच्या मागे आली. मला वाटलं, आता चप्पल. तिने पदराखालून भाकरी आणि ठेचा काढला. म्हणाली, "मेल्या, रोज एवढा मार खातोस, पोटाला तरी खातोस का?" मी नकाब वर करून तिथेच खाल्ली. मग ती म्हणाली, "आता उद्यापास्नं नीट वाग." एवढा मान जिंकणाऱ्यांना कधी मिळालेला मी पाहिला नाही.

आता बस्त्याव.

बस्त्याव तारोडीचा. उत्तनकडच्या कोळी ख्रिस्ती घरातला, बोटीवर वाढलेला, रुंद खांद्याचा आणि देखणा. आम्ही दोघं एकाच वर्षी कंपनीत लागलो, एकाच गोधडीत झोपलो. शेठने त्याचा रंग आणि नाव पाहून त्याला ‘पोर्तुगालचा प्रिन्स’ केलं आणि अट घातली, की लोकांसमोर मराठी बोलायचं नाही. एकदा अकोल्यात एक पत्रकार म्हणाला, प्रिन्सना त्यांच्या भाषेत दोन शब्द बोलू द्या. बस्त्याव छाती काढून उभा राहिला आणि गंभीर आवाजात म्हणाला, "बोंबिलों, मांदेलियों, करली दे वाकटी, सुरमई!" पत्रकाराने लिहून घेतलं. मी शेजारी नकाबात रडत होतो, हसून हसून.

त्याच्याविषयी आणखी एक गोष्ट, कारण ती पुढे लागणार आहे. बस्त्याव दारूला शिवत नव्हता. नामकरणाला नाही, लग्नाला नाही, नाताळला नाही. बाकीचे आम्ही रोज घ्यायचो आणि तो लिंबू-सोडा पीत आमची पांघरुणं सारखी करायचा.

त्याचा हुकमी डाव उडीचा होता. समोरच्याला आडवा करायचा, कोपऱ्यातल्या खांबावर चढायचं, छातीवर क्रूस करायचा आणि वरून त्याच्या अंगावर झेप घ्यायची. प्रेक्षकांना वाटतं, खालचा मेला. खरी गोष्ट उलटी आहे. वरचा माणूस हवेत गेला की त्याच्या हातात काही उरत नाही. सगळं काम खालच्याचं. खालच्याने अंग कडक करायचं, हात वर आणून वरच्याचे खांदे धरायचे, त्याचं वजन आपल्या अंगावर घ्यायचं आणि मग तोंड वेडंवाकडं करून मरायचं. दिसायला ती मारामारी असते. असतं ते झेलणं. खालच्याने बाजूला व्हायचं असेल तर ते सकाळीच ठरलेलं असतं, म्हणजे वरचा हातांवर पडतो. न ठरवता बाजूला होणं हा आमच्या धंद्यातला एकमेव गुन्हा. दारू चालते, शिवीगाळ चालते, शेठच्या बायकोवर लाइन मारलेलीही एकदा चालली होती. पण जो झेलत नाही, त्याच्या अंगावर परत कोणी उडी मारत नाही. त्याने घरी जावं.

मी बस्त्यावला सहा वर्षं झेललं.

मग कंपनी भाईंदरला आली. मिठागरांच्या बाजूच्या मैदानात तंबू लागला. इथे पोर्तुगाल चालणार नव्हतं, कारण निम्म्या गावाने प्रिन्सच्या आईकडून सुकट घेतलेली होती. शेठने डोकं लावलं. नकाब काढा, खरी नावं लावा, ‘भाईंदर विरुद्ध उत्तन’! सकाळी गालाला साबण लावून म्हणाले, "जनार्दन, आज तू हारेगा. अगले इतवार वापसी का सामना, उसमें तू जीतेगा. दोनों गाँव खुश, दोनों बार तंबू फुल."

म्हणजे मला फक्त सात दिवस थांबायचं होतं. हे मी पुन्हा लिहितो, कारण गेली कित्येक वर्षं मी ते स्वतःला सांगतोय. फक्त सात दिवस.

उत्तन-तारोडीहून माणसं ट्रक भरून आली. भाईंदरची तर आधीच खांबांवर चढलेली. आणि पहिल्या रांगेत माझे बाबा. बाबा मिठागरावर मुकादम होते. मी हरायची नोकरी करतो हे त्यांना माहीत होतं, आणि म्हणून ते कधी बघायला आले नव्हते. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. तोंडावर नकाब नसताना लोकांपुढे उभं राहायची मला सवय नव्हती. चारी बाजूंनी ‘जन्या, जन्या’ चाललं होतं. सतरा वर्षांत माझ्या नावाने कोणी ओरडल्याची ती एकच वेळ.

पंधरा मिनिटं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. बस्त्यावने मला आडवा केला, खांबावर चढला, छातीवर क्रूस केला. मी पाठीवर पडून बाबांकडे पाहिलं. बाबा मान खाली घालून स्वतःच्या चपला बघत होते.

बस्त्याव हवेत होता. मी बाजूला झालो.

डब्यांचा तो आवाज अजून ऐकू येतो. त्याचा उजवा गुडघा फळीवर आदळला आणि नको तिकडे वळला. तो ओरडला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे नुसतं पाहिलं. आणि मी काय केलं? मी त्याच्या अंगावर बसलो, खांदे दाबले, पंचाने तीन मोजले आणि भाईंदरने मला खांद्यावर घेतलं.

बाबा एकच वाक्य बोलले. घरी गेल्यावर, पाय धुताना. "जिंकलास ते ठीक. पण पडलेल्या माणसावर बसतात का रे?" पुढे जिवंत असेपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही. ज्यांच्यासाठी मी हे केलं, त्यांना ते नको होतं.

इथपर्यंत मी मूर्ख होतो. नालायक पुढे झालो. शेठ धावत तंबूत आले, "क्या हुआ? तू हटा क्यों?" खरं सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी घरी. मी म्हटलं, "मी कुठे हटलो? तो वाकडा पडला. पी के आया था, शेठ. मुँह से बास आ रही थी."

एवढंच. पुरावा कोणी मागितला नाही. उत्तनचा ख्रिस्ती माणूस प्यायला असेल, यावर भाईंदरचा लगेच विश्वास बसला. उत्तननेही ठेवला, कारण आपला माणूस शुद्धीत हरला यापेक्षा ते बरं. शेठने त्याला इस्पितळात टाकलं आणि तंबू उचलून पुढच्या गावी नेला. पाय वाकडाच बसला. बोटीवर परत उभं राहणं बस्त्यावला जमलं नाही. तो जाळी विणायला बसला, तो बसलाच. तारोडीत पोरं त्याला ‘टाइट प्रिन्स’ म्हणायची. आयुष्यभर लिंबू-सोडा प्यायलेल्या माणसाला.

मी पुढे अकरा वर्षं हरत राहिलो. दुसऱ्यांना झेलत राहिलो, चोख. नंतर एका सोसायटीत वॉचमन झालो. भाईंदरहून तारोडीला बसने पाऊण तास लागतो. मी बेचाळीस वर्षं गेलो नाही.

बॅनर लागल्यावर मात्र झोप लागेना. मी अध्यक्षांकडे गेलो. म्हटलं, सत्कार नको, मी त्या दिवशी लबाडी केली होती. अध्यक्ष तिशीतले, बोलायला गोड. म्हणाले, "काका, आता बॅनर छापलाय. आणि लबाडी करून का होईना, आलात ना जिंकून?" मग मी संपादकांना म्हटलं, मी खरं लिहीन. ते म्हणाले, "लिहा, पण जरा पॉझिटिव्ह लिहा." तेव्हा मी ठरवलं, की आधी ज्याचं आहे त्याला सांगावं. बस पकडली.

बस्त्याव ओट्यावर जाळं घेऊन बसला होता. केस गेलेले, खांदे तेच. त्याची सून सिंथिया सुकत घातलेले बोंबील उलटत होती. त्याने मला पाहिलं आणि सुई जाळ्यात अडकवून ठेवली.

"आयलास? मना वाटला, माझ्या मयताला येशील."

"बस्त्याव, मला बोलायचंय."

"बस मग. माझ्या बाकावर नको, तो डुगडुगतो. तुझा काय भरवसा, उठशील नि मी पडेन."

मी खाली बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. मुद्दाम बाजूला झालो, हे सांगितलं. तो म्हणाला, "ते मना म्हाईत हाय. मी वरून बघत होतो ना, गाढवा." मग मी दारूचं सांगितलं. त्याने अडकवलेली सुई जाळ्यातून काढली आणि परत अडकवली. मग म्हणाला, "ते तू? मना वाटला, शेठ बोल्ला."

"मी."

"माझी बायको मरेपर्यंत मना विचारायची, त्या दिवशी थोडी तरी घेतली होती का? खरं सांग, मी रागावणार न्हाय." त्याने गुडघा दोन्ही हातांनी धरला. "सगळ्या गावाला मी गप केला असता. तिला न्हाय करू शकलो."

मी म्हटलं, मी सगळं छापून आणतो. तू प्यायला नव्हतास, मी तुला झेलायचं होतं, निकाल ठरलेला होता, तू जिंकणार होतास.

सिंथियाने मान वर केली. "ठरलेला? म्हणजे पप्पा, कुस्ती खोटी होती?"

बस्त्याव मला मारायला उठला. खरंच उठला, काठीशिवाय. "ऐकलास? तिला मी बारा वर्षं सांगतोय, नागपूरला याला पाडला, हुबळीला त्याला पाडला. आता जाईल ना सगळा! माझी एक हार पुसायला आयलास, नि माझ्या सगळ्या कुस्त्या पुसल्यास! चल, निघ."

बसमध्ये बसल्यावर मला उमगलं, की तो बरोबर बोलत होता. माझ्याकडे लपवायला एक खोटा विजय होता. त्याच्याकडे दाखवायला फक्त विजयच होते, आणि मी त्याच्या सुनेसमोर एका वाक्यात ते सगळे हरवले. मी लेख लिहायचं सोडून दिलं.

आठवड्याने सिंथियाचा फोन आला. "काका, पप्पा बोलवतात. रविवारी चर्चमधला मिस्सा झाल्यावर या. आणि येताना पाव आणा, ते स्टेशनजवळचे, त्यांना आवडतात."

मी पाव घेऊन गेलो. तो मला घेऊन किनाऱ्यावर आला, सून घरातच राहील असं बघून. एका उलट्या होडीवर आम्ही टेकलो.

"लिही," तो म्हणाला. "दारूचा पहिला लिही, मोठा. बायकोच्या कबरीवर मी वाचून दाखवणार हाय. मग लिही, तू हरामी हायस."

"लिहितो."

"बाकी कुस्त्या ठरवलेल्या होत्या ते पण लिही. सिंथिया बोल्ली, पप्पा, एवढ्या उंचावरून उडी मारायची ती तर खरी ना? ती पोर हुशार हाय." त्याने काठीने वाळूत एक रेघ ओढली. "पण जळगाव."

"जळगावचं काय?"

"तो कंदाहारचा पहाड."

कंदाहारचा पहाड म्हणजे भुसावळचा एक प्रचंड देहाचा माणूस. शेठने त्याला तेवढ्या मुक्कामापुरता घेतला होता. बस्त्यावने त्याला डोक्यावर उचलला होता, दोन्ही हात सरळ करून, आणि अख्खा तंबू उभा राहिला होता.

"ती खरी होती," बस्त्याव म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो समुद्राकडे बघत होता. आमच्याकडे माणसं कमी असायची, म्हणून ज्याची कुस्ती नसेल त्याने पंचाचा काळा शर्ट घालायचा. पंचाचं काम म्हणजे दोघांना दटावल्याचं नाटक करत कानात सांगायचं, किती मिनिटं उरली आणि आता कोणी पडायचं.

"जळगावला पंच कोण होता?" त्याने विचारलं.

"मी."

"मग लिही."

तर मंडळी, बस्त्याव त्या दिवशी प्यायलेला नव्हता. तो कधीच प्यायला नाही. वास येतो असं मी बोललो, आणि ते खोटं होतं. त्याला झेलायचं काम माझं होतं, मी ते केलं नाही, आणि भाईंदरने खांद्यावर घेतला तो माणूस त्या लायकीचा नव्हता. सत्काराला मी जाणार नाही. बॅनरचं काय करायचं ते वाघाने ठरवावं. आमच्या कंपनीतल्या सगळ्या कुस्त्यांचे निकाल सकाळी ठरलेले असायचे, मी हरलो त्या आणि बस्त्याव जिंकला त्याही.

एक सोडून. जळगावला बस्त्यावने कंदाहारच्या पहाडाला डोक्यावर उचलून पाडला, ती कुस्ती खरी होती. ठरलेलं काही नव्हतं, कानात कोणी काही सांगितलं नव्हतं. पंच मी होतो.